ब्लँडफर्ड स्ट्रीटचा बुकबाईंडर



ऑगस्ट महिना आला की आपल्या इथल्या घराघरांत एकच विषय असतो, ए लेव्हलचे निकाल. कुणाचा मुलगा कुठल्या युनिव्हर्सिटीत चालला, कुणाच्या मुलीला मेडिसिन मिळालं, कुणाचं थोडक्यात हुकलं... आणि या सगळ्या गडबडीत एखाद्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी दबक्या आवाजात सांगते की मला युनिव्हर्सिटीत जायचंच नाही, मला अप्रेंटिसशिप करायची आहे. झालं! आई गप्प होते, बाबा चष्मा काढून पुसायला लागतात आणि पुण्याच्या आजीला काय सांगायचं हा प्रश्न उभा राहतो. वर्षाला साडेनऊ हजार पौंडांच्या वर फी भरायची आपली तयारी असते. पण मुलगा अठराव्या वर्षी कामाला लागला हे चारचौघांत सांगायची तयारी नसते. इंग्लंडमध्ये २०१५ पासून नोकरी करता करता पदवी मिळवून देणाऱ्या डिग्री अप्रेंटिसशिपही सुरू झाल्या आहेत, तरी आपल्या मनातली अढी काही जात नाही.

अशा वेळी कुणीतरी हमखास बिल गेट्सचं नाव काढतं. मला तो दाखला कधीच पटला नाही. हार्वर्डमध्ये प्रवेश मिळवून मग ते सोडणं ही चैन आहे, तिचा आपल्या प्रश्नाशी फारसा संबंध नाही. त्यापेक्षा आपल्या लंडनमधलाच एक माणूस बघूया. १९९१ ते २००१ या काळात वीस पौंडांच्या नोटेच्या मागे त्याचं चित्र होतं, म्हणजे जुन्या मंडळींच्या खिशात तो अनेकदा येऊन गेला आहे. मायकेल फॅरडे. शाळेत आपण सर्वांनी त्याचे नियम पाठ केले. पण तो कामाला कसा लागला, हे पुस्तकात कुणी सांगितलं नाही.

फॅरडेचे आईवडील लंडनचे नव्हतेच. वडील जेम्स हे उत्तरेकडच्या वेस्टमोरलंड भागातल्या आउटगिल गावचे लोहार. पोटापाण्यासाठी बायकामुलांना घेऊन ते राजधानीत आले आणि २२ सप्टेंबर १७९१ रोजी, थेम्सच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथे, मायकेलचा जन्म झाला. (गाव सोडून कामासाठी परक्या शहरात येऊन पडणं काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) पुढे हे कुटुंब मँचेस्टर स्क्वेअरजवळ, घोड्यांच्या तबेल्यांच्या गल्लीत राहायला गेलं. वडिलांची तब्येत तोळामासा, त्यामुळे काम कधी असे, कधी नसे. १८०१ साली धान्य महागलं तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येत असे, आणि तो त्याने आठवडाभर पुरवायचा. शाळा म्हणाल तर लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब, एवढीच.

कॉलेजचा तर प्रश्नच नव्हता, आणि तो केवळ पैशांचा नव्हता. त्या वेळी साऱ्या इंग्लंडमध्ये युनिव्हर्सिट्या दोनच, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेतानाच चर्च ऑफ इंग्लंडच्या मतांवर सही करावी लागे आणि केंब्रिजमध्ये पदवी घेताना. फॅरडेचं घर सँडेमनियन नावाच्या एका छोट्या, वेगळ्या ख्रिस्ती पंथाचं. म्हणजे उद्या लॉटरी लागली असती तरी ते दार बंदच होतं. त्याने कॉलेज सोडलं असं म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. त्याने सोडलं ते काहीतरी वेगळंच, ते पुढे येईलच.

१८०४ साली तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. बेकर स्ट्रीट आणि मॅरिलबोन हाय स्ट्रीट यांना जोडणारा हा रस्ता आपल्यातल्या अनेकांनी पायाखाली घातला असेल. त्या काळी वर्तमानपत्र महाग, त्यामुळे ते भाड्याने वाचायला मिळे. सकाळी एका गिऱ्हाइकाकडे द्यायचं, थोड्या वेळाने परत आणायचं आणि दुसऱ्याकडे पोचवायचं, हे मायकेलचं काम. वर्षभर पोराने ते इतकं चोख केलं की ७ ऑक्टोबर १८०५ रोजी रिबोने त्याला पुस्तकबांधणीचा शिकाऊ उमेदवार म्हणून सात वर्षांसाठी ठेवून घेतलं. एरवी उमेदवार ठेवताना मुलाच्या बापाने मालकाला रक्कम मोजायची पद्धत होती. रिबोने ती घेतली नाही. लोहाराच्या घरात ती होती कुठे!

आता ही सात वर्षं जरा निवांत बघूया, कारण माझ्या मते सगळं मर्म इथेच आहे.

पुस्तकबांधणी म्हणजे छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, त्या शिवायच्या, सरस लावायचा, पुठ्ठा बसवायचा, वर कातडं चढवायचं. हाताला सफाई लागते आणि डोक्याला तशी विश्रांती असते. दुकानात दिवसभर हातांखालून पुस्तकं जात, आणि हा मुलगा ती बांधता बांधता वाचत असे. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा खंड बांधायला आला, त्यात विजेवरचा लेख सापडला. जेन मार्सेट या बाईंनी सोप्या संवादांच्या रूपात लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक हाती आलं. आयझॅक वॉट्सच्या मन घडवण्याविषयीच्या पुस्तकातून त्याने एक सवय उचलली: जे वाचलं, ऐकलं, पाहिलं ते लिहून ठेवायचं. दुसऱ्या कुठल्या मालकाने कामाच्या वेळात वाचतोस म्हणून कान उपटला असता. रिबोने नुसती मोकळीकच दिली नाही, तर रात्री दुकानाच्या मागच्या शेगडीशी प्रयोग करू दिले. भंगारवाल्याकडून काही पेन्सना घेतलेल्या बाटल्यांतून पोराने स्थिर विजेचं यंत्र बनवलं. वाचलेली गोष्ट खरी आहे का, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर मास्केरिए नावाचा एक चित्रकार भाड्याने राहायचा. मायकेल त्याची खोली झाडायचा, बुटांना पॉलिश करायचा आणि त्या बदल्यात चित्रात खोली कशी दाखवायची हे शिकायचा. हे शिक्षण पुढे प्रयोगांच्या आकृत्या काढताना कामाला आलं.

१८१० साली त्याच्या वाचनात एक जाहिरात आली. फ्लीट स्ट्रीटजवळ जॉन टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी रात्री आठ वाजता विज्ञानावर व्याख्यानं देतात, प्रवेश एक शिलिंग. शिकाऊ पोराकडे शिलिंग कुठला? तो दिला थोरल्या भावाने. रॉबर्ट वडिलांसारखाच लोहार. त्याच वर्षी वडील वारले होते, आई भाडेकरू ठेवून घर चालवत होती. अशा घरातून भावाने व्याख्यानासाठी शिलिंग काढून द्यावा, आणि एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा, ही गोष्ट मला फॅरडेच्या कुठल्याही शोधाइतकीच मोठी वाटते. रॉबर्ट फॅरडेचं नाव कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही.

टेटमच्या घरी त्याच्यासारखेच होतकरू तरुण जमत. कारकून, कारागीर, दुकानांतले नोकर. त्यांचं एक मंडळच होतं, सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी. आठवड्यातून एकदा जमायचं, कुणीतरी विषय मांडायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. आपलं इंग्रजी कच्चं आहे हे फॅरडेला चांगलं कळत होतं. एडवर्ड मॅग्रथ नावाच्या तिथल्या मित्राने पुढची सात वर्षं दर आठवड्याला दोन तास देऊन त्याचं व्याकरण आणि उच्चार सुधारले. बेंजामिन अ‍ॅबट या दुसऱ्या मित्राला तो मुद्दाम लांबलचक पत्रं लिहू लागला, लिहिण्याचा हात बसावा म्हणून. १८१२ च्या एका पत्रात त्याने मोठ्या अभिमानाने कळवलं की आपण स्वतः बॅटरी बनवली: जस्ताच्या सात चकत्या, तांब्याची अर्ध्या पेनीची सात नाणी आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले सहा कागद. वीस वर्षांचा होता.

टेटमच्या व्याख्यानांच्या टिपणांचे त्याने चार खंड केले, अर्थात बांधणी स्वतःची, आणि ते रिबोला अर्पण केले. रिबो ते गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचा. त्यांतले एक डान्स नावाचे गृहस्थ रॉयल इन्स्टिट्यूशनचे सभासद होते. त्यांनी पोराला सर हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं आणून दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा सर्वांत गाजलेला रसायनशास्त्रज्ञ. त्याच्या व्याख्यानाला अल्बेमार्ल स्ट्रीटवर बग्ग्यांची रांग लागायची. १८१२ च्या वसंतात फॅरडेने सज्जात बसून त्याची चार व्याख्यानं ऐकली, उतरवून घेतली, आकृत्या काढल्या आणि नेहमीप्रमाणे बांधून ठेवली.

ऑक्टोबर १८१२ मध्ये उमेदवारी संपली आणि तो पगारी कारागीर झाला. नवा मालक द ला रोश तापट होता, पण त्याने सांगून ठेवलं होतं की तू माझ्याकडे राहिलास तर माझ्यामागे हे दुकान तुझं. थांबून विचार करा, मंडळी. बाप नाही, आई भाडेकरू ठेवते आणि एकविसाव्या वर्षी चालतं दुकान पुढे येऊन उभं आहे. आपल्यापैकी कुठल्या आईवडिलांनी ते सोड म्हटलं असतं?

फॅरडेने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून विज्ञानातलं कुठलंही काम मागितलं. उत्तराची चौकशी करायला गेला, तेव्हा उत्तर नाही एवढाच निरोप मिळाला. मग डिसेंबरमध्ये त्याने डेव्हीला पत्र पाठवलं आणि सोबत त्याच्याच व्याख्यानांचं ते जाडजूड बांधीव पुस्तक. ही युक्ती नव्हे, हे तर त्याचं प्रमाणपत्र! त्याला जे काही येत होतं, म्हणजे ऐकणं, समजणं, मांडणं, रेखाटणं आणि बांधणं, ते सगळं त्या एका वस्तूत होतं. डेव्हीने भेटायला बोलावलं, छान बोलला आणि सल्ला दिला की बाबा रे, विज्ञानात कष्ट फार आणि पैसा कमी, तू आपला पुस्तकबांधणीला धरून राहा. गंमत अशी की डेव्ही स्वतःही कॉलेजात गेलेला नव्हता. तोही कॉर्नवॉलमध्ये एका वैद्याकडे उमेदवारी करून वर आला होता!

काही आठवड्यांतच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मारामारी झाली. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने उपकरणं बनवणाऱ्यावर हात उचलला आणि त्याची नोकरी गेली. एका रात्री फॅरडेच्या दारात बग्गी थांबली, नोकराने डेव्हीची चिठ्ठी दिली. १ मार्च १८१३ रोजी फॅरडे कामावर रुजू झाला. आठवड्याला पंचवीस शिलिंग, माळ्यावरच्या दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या. काम काय, तर बाटल्या धुणं, व्याख्यानाची मांडणी करणं, उपकरणं पुसून जागच्या जागी ठेवणं. पहिल्याच काही आठवड्यांत एका स्फोटक द्रव्यावर काम करताना त्याच्या हातात नळी फुटली आणि नखाचा तुकडा उडाला. स्वतःचं होऊ शकणारं दुकान त्याने सोडलं ते यासाठी!

त्या शरद ऋतूत डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाला आणि त्याने फॅरडेला बरोबर घेतलं. फ्रान्सशी युद्ध चालू असताना नेपोलियनने खास परवाना दिला होता. ऐन वेळी डेव्हीच्या खासगी नोकराने यायचं नाकारलं, आणि ते काम तात्पुरतं म्हणून फॅरडेच्या गळ्यात पडलं ते दीड वर्ष राहिलं. डेव्हीच्या पत्नीने तर त्याला घरगड्यासारखंच वागवलं. जेवायला नोकरांच्या पंगतीत. अपमानाने तो इतका कावला होता की सगळं सोडून परत पुस्तकं बांधायला जावं असं त्याला वाटे, पत्रांतून त्याने ते मित्राला कळवलंही. पण त्याच दौऱ्यात पॅरिसमध्ये अँपियर भेटला, मिलानमध्ये म्हातारा व्होल्टा भेटला, फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाखाली हिरा जाळून तो कोळशाचाच भाऊबंद आहे हे डेव्हीच्या शेजारी उभं राहून पाहता आलं. लंडनच्या बाहेर फारसा न पडलेला मुलगा एप्रिल १८१५ मध्ये परतला तो फ्रेंच आणि थोडं इटालियन शिकून, आणि साऱ्या युरोपातल्या प्रयोगशाळा बघून.

पुढची कहाणी तुम्हाला बरीचशी माहीत आहे, म्हणून पटपट सांगतो. १८२१ मध्ये त्याने वीज आणि चुंबकाच्या जोरावर तार गोल फिरवून दाखवली, विजेच्या मोटरचं बीज ते. त्याच वर्षी सेरा बर्नार्डशी लग्न. १८२५ मध्ये बेंझीन. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडाच्या कड्यावर दोन बाजूंना तारा गुंडाळून केलेला तो प्रसिद्ध प्रयोग, ज्यातून आजचे जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर आले. मुलांसाठीची ख्रिसमस व्याख्यानं १८२५ साली सुरू झाली. त्यांतल्या एकोणीस मालिका त्याने स्वतः दिल्या, मेणबत्तीवरची सर्वांत गाजली.

मात्र हा रस्ता फुकटचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. १८२१ च्या त्या शोधावर वोलास्टन या बड्या शास्त्रज्ञाची कल्पना उचलल्याचा आळ आला. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलोपदासाठी त्याचं नाव आलं, तेव्हा अध्यक्ष असलेला खुद्द डेव्हीच विरोधात गेला. तरी निवड झाली. दुसरी किंमत गणिताची. बीजगणिताच्या पुढचं त्याला कधी आलंच नाही. चुंबकाभोवतीच्या बलरेषा त्याला डोळ्यांसमोर दिसत, पण समीकरणात मांडता येत नसत, आणि गणिती मंडळी ती कल्पना फारशी मनावर घेत नसत. १८५५-५६ मध्ये केंब्रिजच्या तरुण मॅक्सवेलने तिला गणिताची भाषा दिली. मग १८५७ मध्ये साठीच्या घरातल्या फॅरडेने त्याला विनंती केली, की तुमचे निष्कर्ष आमच्यासारख्यांसाठी साध्या भाषेतही लिहाल का. जे येत नाही ते मागायला तो कधी लाजला नाही. विजेने होणाऱ्या विघटनासाठी नवे शब्द हवे होते तेव्हा ग्रीक जाणणाऱ्या ह्यूवेलला विचारलं, आणि १८३४ मध्ये अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द आले.

आणि मानसन्मान? १८२७ साली नव्या लंडन युनिव्हर्सिटीने रसायनशास्त्राचं प्राध्यापकपद देऊ केलं, ते त्याने नाकारलं. १८३२ मध्ये ऑक्सफर्डने सन्मानाची डॉक्टरेट दिली, म्हणजे जिथे विद्यार्थी म्हणून पाऊल टाकता आलं नसतं त्याच ठिकाणी. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही पुढे चालून आलं, तेही नको म्हणाला.

तो कॉलेजच्या विरुद्ध होता असा समज मात्र करून घेऊ नका. १८६२ मध्ये मोठ्या पब्लिक स्कूल्सची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगापुढे त्याने साक्ष दिली, ती शाळांतून विज्ञान शिकवलंच पाहिजे या बाजूने. ग्रीक-लॅटिन घोकून आलेली शहाणी माणसं निसर्गाविषयी किती अडाणी असतात, याची त्याला खंत होती.

एक गोष्ट मला मात्र खटकते. स्वतः उमेदवारीतून वर आलेल्या या माणसाने एकही शिष्य घडवला नाही. १८२७ पासून त्याच्या प्रयोगशाळेत अँडरसन नावाचा एक निवृत्त तोफखान्याचा सार्जंट मदतनीस होता. सांगितलेलं काम जसंच्या तसं करणारा, प्रश्न न विचारणारा. १८६६ साली तो वारला तोपर्यंत तोच राहिला. ब्लँडफर्ड स्ट्रीटवरून आणखी एखादा पोरगा वह्या घेऊन दारात आला असता तर फॅरडेने त्याला आत घेतलं असतं का? रिबोला ते जमलं होतं, डेव्हीला त्याच्या सगळ्या दोषांसकट जमलं होतं.

शेवटची वर्षं हॅम्प्टन कोर्टला गेली. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने तिथे राहायला घर दिलं होतं. स्मरणशक्ती साथ सोडत होती. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो तिथेच, आपल्या खुर्चीत बसलेला असताना गेला. हायगेटच्या दफनभूमीत, चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या लोकांसाठी राखलेल्या भागात, त्याची साधी कबर आहे. अल्बेमार्ल स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात त्याची प्रयोगशाळा आणि ते १८३१ चं कडं बघायला मिळतं. ग्रीन पार्क स्टेशनपासून पाच-सात मिनिटांची चाल आहे, जाण्याआधी वेळा तपासून घ्या. डेव्हीला पाठवलेलं ते हाताने लिहिलेलं, हाताने बांधलेलं पुस्तकही याच संस्थेच्या संग्रहात जपून ठेवलेलं आहे.